स्कूबाचा मास्क: निवड आणि निगा

स्कूबा शिकायचं मनात आलं की पहिला खर्च मास्कवर करावा. सिलिंडर, जॅकेट, रेग्युलेटर या महागाच्या वस्तू सेंटरवर भाड्याने मिळतात, त्यांची देखभालही सेंटरवालेच करतात, आणि पुढची काही वर्षं तसंच चालू राहिलं तरी बिघडत नाही. मास्कचं तसं नाही. रेग्युलेटर कुणाच्याही तोंडात बसतो, मास्क कुणाच्याही चेहऱ्यावर बसत नाही. मालवणला किंवा तारकर्लीला हौसेची पहिली डाइव्ह करून आलेल्यांना विचारून पाहा. काहीजण माशांबद्दल बोलतात, काहीजण नाकात गेलेल्या पाण्याबद्दल. आणि दुसऱ्या गटातल्या बऱ्याच जणांचं गाऱ्हाणं बोटीवरच्या टबातून हाताला लागलेल्या मास्कपर्यंत जाऊन पोचतं.

मास्क करतो काय, तर डोळ्यांपुढे हवेचा एक कप्पा धरून ठेवतो. डोळ्याची प्रकाश एकवटण्याची जवळजवळ दोन-तृतीयांश ताकद कॉर्नियाची असते, आणि पाणी थेट कॉर्नियाला टेकलं की ती जवळपास सगळी जाते. म्हणून उघड्या डोळ्यांनी खाली सगळं पुसट दिसतं. (अंदमान समुद्रातल्या मोकेन लोकांची मुलं बाहुली बारीक करून पाण्याखाली आपल्यापेक्षा बरंच स्पष्ट पाहतात, हे २००३ साली स्वीडनच्या संशोधकांनी मोजून दाखवलं. तो सराव आपल्याला नाही.) हवेचा कप्पा आला की दृष्टी परत येते, फक्त वस्तू सुमारे एक-तृतीयांशाने मोठ्या आणि पाव अंतराने जवळ दिसतात. डाइव्हनंतर सांगितलेल्या माशाच्या लांबीतून तेवढी वजाबाकी करून ऐकावी.

हा कप्पा नाकासकट हवा. १० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो आणि कप्प्यातली हवा आक्रसून निम्मी व्हायला बघते. ती घट भरून काढली नाही तर मास्क डोळ्यांभोवतीची कातडी आत ओढतो, डोळे लाल होतात, काळेनिळे वळ उठतात. नाक आत असलं तर नाकातून थोडी हवा सोडली की काम भागतं. पोहण्याच्या गॉगलमध्ये नाक बाहेर राहतं, म्हणून तो घालून खोल जायचं नाही. सगळा चेहरा झाकणारे स्नॉर्केलचे मास्क हल्ली किनाऱ्यावर पुष्कळ दिसतात, पण तेही पृष्ठभागावर तरंगण्यापुरतेच. त्यांतल्या बहुतेकांत नाक चिमटता येत नाही, आणि नाक चिमटता आलं नाही की कान मोकळे करता येत नाहीत.

दुकानात काय बघायचं

आधी काच. ती टेम्पर्ड हवी. बहुतेक चांगल्या मास्कच्या काचेवर कोपऱ्यात तसं बारीक अक्षरांत कोरलेलं असतं. अशी काच फुटलीच तर बोथट तुकड्यांत फुटते, तिच्या धारदार पात्या होत नाहीत. प्लास्टिकच्या काचेचा मास्क खेळण्यातला समजावा. तो चरे धरतो आणि त्यावर वाफ फार साचते.

मग काचेभोवतीची मऊ झालर. ही सिलिकॉनची हवी. स्वस्तातल्या मास्कना पीव्हीसीची झालर असते, ती ताठर असते आणि काही महिन्यांत आणखी ताठर होते. फरक हाताला कळतो: सिलिकॉन बोटांत चुरगाळून सोडलं की लगेच मूळ आकारात येतं, कडा पातळ आणि लवचीक लागतात. पीव्हीसीला नव्या रेनकोटचा वास येतो. झालर दुहेरी असेल तर आणखी बरं, म्हणजे बाहेरच्या पाकळीतून शिरलेलं पाणी आतली अडवते.

झालरीचा रंग हा निव्वळ आवडीचा प्रश्न नाही. पारदर्शक झालरीतून बाजूचा उजेड आत येतो. पहिल्यांदा खाली जाणाऱ्याला, ज्याला कोंडल्यासारखं होतं त्याला, तो उजेड आधार देतो, आणि मालवणच्या किंवा गोव्याच्या काहीशा गढूळ पाण्यात तो उपयोगीही पडतो. काळी झालर बाजूचा उजेड अडवते, त्यामुळे काचेच्या आत प्रतिबिंबं पडत नाहीत. फोटो काढणारे आणि एका दमात खोल जाणारे फ्रीडायव्हर ती पसंत करतात. पारदर्शक झालर काही वर्षांत पिवळी पडते, काळ्या झालरीचं तसं होत नाही. माझं मत विचाराल तर शिकताना पारदर्शक घ्यावी, पुढचं पुढे.

एक काच की दोन, याचा फार विचार करू नका. चष्मा असेल तर मात्र दोनच काचांचा घ्या, कारण नंबरच्या भिंगांची सोय त्यातच सोपी असते. आत हवा किती मावते हेही बघा. काच डोळ्यांच्या जितकी जवळ तितकी हवा कमी लागते, आणि पाणी शिरलं तर ते एका फुंकरीत बाहेर काढता येतं. पण काच इतकीही जवळ नको की पापण्यांचे केस तिला घासतील.

चेहऱ्यावर लावून बघणं

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. दुकानदार घाई करत असेल तर दुसरं दुकान बघा. मास्क ऑनलाइन मागवायचा असेल तर परत करता येईल असाच मागवा, आणि परत करायची वेळ येईल असं धरूनच चाला.

पट्टा उलटा करून काचेच्या पुढे टाका, म्हणजे तो मध्ये येणार नाही. कपाळावरचे केस मागे सारा. मान मागे टाकून छताकडे बघा आणि मास्क चेहऱ्यावर नुसता ठेवा, दाबू नका. आता बरोबरच्या माणसाला सांगा की चारी बाजूंनी झालर कातडीला टेकली आहे का ते बघ. तीन जागा नेमक्या दगा देतात: भुवयांच्या वर मध्यभागी, कानशिलाजवळ, आणि नाकाच्या खाली जिथे गालाची घडी सुरू होते तिथे. फट दिसली तर तो मास्क तिथेच ठेवा. पट्टा आवळून फट बुजेल, असं दुकानदार म्हणेल. बुजणार नाही.

टेकत असेल तर नाकाने अगदी हलका श्वास आत घ्या आणि मान सरळ करा. मास्क हात न लावता चिकटून राहिला पाहिजे. ‘हलका’ यावर जोर आहे, कारण जोराने ओढलं तर जवळजवळ कुठलाही मास्क दोन क्षण चिकटतो आणि दुकानात सगळेच मास्क आपल्याला शोभतात.

आता यातली लोक विसरतात ती पायरी. स्नॉर्केलचं तोंडात धरायचं टोक मागून घ्या, तोंडात धरा आणि तीच परीक्षा पुन्हा द्या. टोक तोंडात आलं की वरचा ओठ उचलला जातो, गाल ताणले जातात, आणि मघाशी घट्ट बसलेला मास्क नाकाखाली फट दाखवतो. त्याच अवस्थेत थोडं हसून बघा. पाण्याखाली मासा समोर आला की माणूस हसतोच.

मग दोन बोटांनी झालरीवरून नाक चिमटा. नाकपुड्या पुरत्या बंद झाल्या पाहिजेत, कान मोकळे करायला दर एक-दोन मीटरला हे करावं लागणार आहे. नाकात चमकी असेल तर ती काढून ठेवलेली बरी, चिमटताना टोचते. शेवटी पट्टा लावून पाचेक मिनिटं मास्क तसाच राहू द्या. नाकाच्या मुळाशी किंवा कपाळाच्या मध्यावर चौकटीचा कडक भाग टेकत असेल तर दुकानात तो नुसता जाणवतो, पाऊण तासाच्या डाइव्हमध्ये त्याने डोकं उठतं.

मिशीवाल्यांसाठी वेगळा परिच्छेद लागतो. झालरीची खालची कड नेमकी मिशीच्या वरच्या ओळीवर येते आणि केसांच्या खालून पाणी वाट काढतं. मिशी काढायची गरज नाही. नाकाच्या लगेच खालची बारीक पट्टी वस्तऱ्याने साफ केली की कडेला टेकायला कातडी मिळते. तेवढंही नको असेल तर सिलिकॉन ग्रीसचं बोट मिशीवर फिरवावं. व्हॅसलीन वापरू नका, पेट्रोलियमचे पदार्थ डाइव्हिंगच्या सामानाला चांगले नाहीत.

चष्मेवाल्यांनी चष्मा मास्कच्या आत घालण्याचा प्रयत्न करू नये, काडी झालर उचलते. दोन काचांच्या बऱ्याच मॉडेलना अर्ध्या-अर्ध्या नंबरच्या टप्प्यात तयार भिंगं मिळतात. आपला नंबर दोन टप्प्यांच्या मध्ये येत असेल तर सहसा कमीचं भिंग घेतात, कारण पाण्यात वस्तू मोठ्या दिसतातच. सिलिंड्रिकल नंबर जास्त असेल तर भिंगं करवून घ्यावी लागतात. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स लावून डाइव्ह करता येते, पण मास्कमध्ये पाणी शिरलं तर डोळे मिटायचे हे इन्स्ट्रक्टरला आणि स्वतःला आधी बजावून ठेवा. चाळिशी लागलेल्यांची अडचण वेगळीच. ४० सेंटिमीटरवर धरलेला हवेचा गेज पाण्यात ३० सेंटिमीटरवर असल्यासारखा दिसतो, म्हणजे नेमका जिथे वाचता येत नाही तिथे. त्यासाठी काचेच्या खालच्या भागात वाचायचा नंबर असलेली भिंगं मिळतात. हवेचा आकडा अंदाजाने वाचू नये.

नव्या काचेची तयारी

नवा मास्क थेट समुद्रात नेला तर पहिल्या पाच मिनिटांत आंधळी कोशिंबीर सुरू होते. कारखान्यातून येताना काचेवर सिलिकॉनचा अदृश्य थर बसलेला असतो, त्यावर वाफेचे थेंब धरतात आणि थुंकी, थेंबाचं औषध, काहीच चालत नाही. तो थर आधी काढावा लागतो.

पांढरी साधी टूथपेस्ट घ्या. जेल नको, कारण खरवडण्याचं काम पांढऱ्या पेस्टमधली बारीक पूड करते आणि जेलमध्ये ती पुरेशी नसते. तांबडं दंतमंजन तर मुळीच नको, ते भरड असतं. काच कोरडी असताना आतल्या बाजूला वाटाण्याएवढी पेस्ट घ्या आणि बोटाच्या पेराने गोल गोल घासा, कडेच्या खाचेपर्यंत, दोन-तीन मिनिटं. फडकं, काथ्या, भांड्यांची घासणी यांतलं काही लावू नका. मग पातळ थर तसाच ठेवून रात्रभर वाळू द्या. सकाळी कोमट पाण्याने धुवा आणि काचेवर पाणी ओघळू द्या. पाणी सलग पडद्यासारखं खाली सरकलं तर काच स्वच्छ झाली. मण्यांसारखे थेंब उभे राहिले तर थर अजून आहे, पुन्हा घासा. एका खेपेत क्वचितच होतं.

काहीजण लायटरची ज्योत काचेवरून फिरवून हा थर जाळतात. जमणाऱ्याला जमतं, पण ज्योत एक बोट इकडे सरकली की झालर गेली. शिवाय आतून लेप दिलेली काच किंवा प्लास्टिकची काच असेल तर पेस्ट आणि ज्योत दोन्ही वर्ज्य. सोबतचा कागद वाचा.

मास्कच्या आत आकार धरून ठेवायला आलेला प्लास्टिकचा साचा आणि कडक डबी टाकून देऊ नका. दोन्ही पुढे लागतात.

समुद्रावर जाण्याआधी घरी एक तालीम करा. मोठा टब किंवा घमेलं काठोकाठ भरा, मास्क लावा, स्नॉर्केल तोंडात धरा आणि तोंड पाण्यात बुडवून पाच मिनिटं श्वास घ्या. पाणी येत असेल तर कुठून येतंय ते इथे निवांत कळतं.

पाण्यात उतरताना

त्या दिवशी सकाळी चेहऱ्याला तेल, क्रीम, काजळ काही नको. सनस्क्रीन लावायचंच तर झालर टेकते त्या पट्ट्याबाहेर लावा आणि बोटं धुतल्यावरच काचेला हात लावा. केसांना खोबरेल असेल तर पट्टा मागे ठरत नाही.

काचेवर वाफ धरू नये म्हणून आतून थुंकी लावतात. ऐकायला कसंसंच वाटतं, पण खरंच काम करते: थुंकीमुळे पाण्याचे थेंब न होता पातळ पापुद्रा पसरतो आणि त्यातून आरपार दिसतं. काच कोरडी असतानाच लावा, बोटाने पसरवा, समुद्राच्या पाण्यात एकदाच हलकं विसळा. सात वेळा खळाखळा धुतलं तर लावलेलं निघून जातं. थुंकी नको असेल तर लहान मुलांचा शाम्पू पाण्यात पातळ करून त्याची छोटी बाटली बाळगा.

मास्क घालताना आधी चेहऱ्यावर टेकवा, मग पट्टा मागे न्या. पट्टा डोक्याच्या मागच्या फुगीर भागावर, कानांच्या वर बसला पाहिजे. केस लांब असतील तर अंबाडा त्याच्या खाली घाला. एक बोट झालरीच्या आतून गोल फिरवून केस राहिला नाही ना ते बघा. पट्टा किती घट्ट? मास्क जागेवर राहील इतकाच. खाली गेल्यावर दाब पाण्याचाच असतो, तो मास्क चेहऱ्याला धरून ठेवतो. पट्टा आवळला की झालरीची पातळ पाकळी दुमडते आणि तिथूनच पाणी येतं. पाणी आलं म्हणून माणूस आणखी आवळतो, तसं आणखी येतं. असा गळणारा मास्क दिसला की जाणकार इन्स्ट्रक्टर आधी पट्टा सैल करून बघतात.

बोटीवर मास्क कपाळावर चढवून बसू नका, गळ्यात खाली ओढून ठेवा. कपाळावरचा मास्क लाटेसरशी जातो आणि सरळ तळाला बसतो. शिवाय पाण्यात मास्क कपाळावर सरकवलेला माणूस अडचणीत आहे, असं डायव्हर लोक धरतात. उडी मारताना, किंवा बोटीच्या काठावरून पाठीमागे पडताना, एका हाताचा तळवा रेग्युलेटरवर आणि त्याच हाताची बोटं मास्कच्या काचेवर दाबून ठेवा.

खाली जाताना मास्क चेहऱ्याला चिकटत चालला असं वाटलं की नाकातून थोडी हवा सोडा. पाणी शिरलं तर घाबरू नका. वरची चौकट कपाळाशी दाबा, किंचित वर बघा आणि नाकातून हळू, लांब श्वास सोडा. हवा वर साठते आणि पाणी खालच्या कडेने बाहेर जातं. हा धडा स्विमिंग पूलमध्ये किंवा उथळ पाण्यात इतक्या वेळा करा की त्यात काही विशेष वाटू नये. एमटीडीसीची तारकर्लीतली स्कूबा संस्था असो की दुसरं कुठलं सेंटर, कोर्समध्ये हा धडा असतोच. एका दिवसाच्या हौशी डाइव्हमध्ये तो दोन मिनिटांत उरकतात, तेव्हा पुन्हा दाखवायला सांगायला लाजू नका. भाड्याचा मास्क मिळाला तरी छताकडे बघण्याची परीक्षा अर्ध्या मिनिटात होते, बोटीवर आकाशाकडे बघून. बसत नसेल तर टबातला दुसरा मागा.

घरी आल्यावर

गोड्या पाण्याची बादली भरा आणि मास्क पंधरा-वीस मिनिटं बुडवून ठेवा. वरून नळाची धार मारून भागत नाही, कारण मीठ बक्कलांच्या खाचेत आणि काच-झालरीच्या सांध्यात बसतं. पाण्यातच बक्कलं दोन-चार वेळा दाबून सोडा, कडेच्या फटीतून अंगठा फिरवा. मग सावलीत, पंख्याखाली वाळवा. उन्हाने सिलिकॉन लवकर पिवळं आणि ठिसूळ होतं. पुरता वाळल्यावर साचा आत बसवून डबीत, पट्टा सैल करून ठेवा. पारदर्शक झालरीचा मास्क काळ्या रबराच्या फिन्सना किंवा निओप्रीनच्या सूटला चिकटवून ठेवू नका, रंग उतरतो. बॅगेत वर काही जड ठेवलं की झालर वाकडी होते.

कोकणात खरी परीक्षा पावसाळ्यात. साधारण जूनपासून सप्टेंबरपर्यंत डाइव्हिंग बंद असतं आणि मास्क चार महिने दमट कपाटात पडून राहतो. मे महिन्यात थोडा ओलसर राहिलेला मास्क बंद डबीत गेला तर ऑक्टोबरमध्ये झालरीवर काळे ठिपके निघतात, बहुतेक नाकाच्या जागी आणि काचेच्या सांध्यात. म्हणून हंगामाची शेवटची धुलाई भांड्यांच्या सौम्य लिक्विडने करा, त्या दिवसाचं चेहऱ्याचं तेल आणि सनस्क्रीन निघून गेलं पाहिजे. बुरशी त्यावरच पोसते. दोन दिवस वाळवा. डबीत सिलिका जेलची पुडी टाका. तीनेक आठवड्यांनी, पाऊस उघडला की, डबी उघडून मास्क वाऱ्यावर ठेवा.

ठिपके आलेच तर मऊ टूथब्रशने लिक्विड लावून घासा, मग पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी घालून त्यात अर्धा तास ठेवा आणि भरपूर विसळा. वरवरचे डाग जातात. सिलिकॉनच्या आत उतरलेले राहतात; झालर मऊ असेल तर ते दिसण्यापुरतेच. काच चौकटीतून काढून साफ करायचा मोह आवरा, मॉडेल तसं उघडण्यासाठी बनवलेलं नसेल तर ती परत तशीच बसत नाही.

पट्टा बक्कलापाशी तडकतो, तिथे दर हंगामाच्या सुरुवातीला ताणून बघा आणि बॅगेत एक जादा पट्टा ठेवा. काचेच्या कडेला टवका उडाला, चौकटीला भेग गेली किंवा झालर चिकट-चरचरीत लागली, तर मास्क काढून टाका. नुसती पिवळी पडलेली झालर हे टाकण्याचं कारण नाही. तसा जुना मास्क बोटीवर जादाचा म्हणून चालतो, फक्त नव्या पट्ट्यासह.